फुलात शून्य, टिंबात पाच

रंगनाथ गेल्याची बातमी मला मोंढ्यात, म्हणजे जालन्याच्या धान्यबाजारात, कळली. भर सौद्यांची वेळ होती. मोतीशेठच्या आडत दुकानाच्या ओट्यावर ज्वारीचे ढीग लागले होते आणि मी, त्यांचा मुनीम, एका शेतकऱ्याची पट्टी लिहीत होतो. माल विकला गेला की वजन, भाव, कापलेली हमाली आणि हातात येणारी रक्कम लिहून आडत्या शेतकऱ्याला जी चिठ्ठी देतो, ती पट्टी. छापखान्याशेजारचा सायकलवाला धापा टाकत आला आणि म्हणाला, "मुनीमजी, रंगनाथराव गेले. मशीनला तेल देऊन राह्यल्ते, तिथंच खाली बसले. उठलेच न्हाईत." मी ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा खाली बघून पट्टी पुरी केली. रक्कम लिहिली, सही केली, वाचून दाखवली. समोरचा माणूस वडीगोद्रीचा होता, त्याला लांब जायचं होतं, असं मी स्वतःला नंतर कितीदा तरी सांगितलं... पण खरं एवढंच की माझा सगळ्यांत जुना मित्र गेल्याचं कळल्यावर मी आधी बेरीज पुरी केली आणि मग चपला शोधल्या.

याला आता काही आठवडे झाले. आजारपण असं काही नव्हतंच त्याला. तरी पण शेवटच्या महिन्यात मी त्याच्या छापखान्यात एकदाही डोकावलो नव्हतो, ही बोच राहिलीच. दुकानापासून ती गल्ली काही फार लांब नाही. आणि आता त्याच्यावर लिहायला बसलो तर दुसराच अपराध वाटतो. डोळ्यांत पाणी यायला पाहिजे तिथं हसू येतं. कागदावर त्याचं नाव लिहिलं की त्याचा तो मोठा आवाज, शाईने काळा झालेला अंगठा आणि कुठलीही गोष्ट जिंकल्यासारखी सांगायची सवय, हे सगळं एकदम समोर येतं. सरस्वतीवहिनींना, म्हणजे त्याच्या पत्नीला, मी हे घाबरत घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग हसतच लिहा भावजी. रडका लेख त्यांनी छापला नसता."

रंगनाथ केदारखेड्याचा. घरची शेती, थोरला भाऊ ती बघायचा. आम्ही दोघं जालन्याला उर्दू शाळेत एका बाकावर होतो. त्याचा अभ्यास यथातथाच, पण फळ्यावर मास्तरांनी आकडा वाकडा काढला तरी ह्याला चैन पडत नसे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि कचेऱ्यांचे कागद हळूहळू मराठीत येणार अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा ह्यानं हैदराबादच्या कुठल्याशा छापखान्याचं पायानं चालवायचं जुनं ट्रेडल मशीन घेतलं. ते रेल्वेनं जालन्याला आलं. स्टेशनातून बैलगाडीत घालून आणताना कुंडलिकेच्या अलीकडे गाडीचं चाक मोडलं आणि मशीन रस्त्यात तिरपं होऊन बसलं. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावला असता. रंगनाथनं शेजारच्या दुकानातून स्टूल मागून आणलं, मशीनजवळ मांडलं आणि जमलेल्या लोकांना ते कसं चालतं हे सांगायला सुरुवात केली. दुसरं चाक येईपर्यंत दुपार उलटली होती. तेवढ्यात ह्यानं एका कापडवाल्याकडून जाहिरातीच्या कागदांची ऑर्डर घेतलेली. मी म्हणालो, "अरे, मशीन अजून रस्त्यात हाय." तर म्हणतो, "मंग काय झालं? गिऱ्हाईक बी रस्त्यातच होतं." केदारखेड्याजवळून वाहणाऱ्या नदीवरून त्यानं नाव दिलं, पूर्णा छापखाना.

त्या काळात आमच्याकडे दोन रुपये चालायचे. एक निजामाचा हाली आणि दुसरा हिंदुस्थान सरकारचा कलदार. ढोबळ मानानं सात हाली म्हणजे सहा कलदार. जालन्यात आम्ही रुपये म्हटलं की हाली समजायचो. तिकडे वऱ्हाडात, खामगावला, रुपये म्हटलं की कलदार. मोतीशेठनी एकदा सरकीच्या भावाचं पत्र खामगावला पाठवलं, आकडा हालीत, आणि हाली हा शब्द लिहायचाच राहिला. तिकडचा व्यापारी चिडून परत लिहितो, एवढ्या भावात तुमची सरकी कोण घेणार? शेठ इकडे लाल. रंगनाथ त्या वेळी दुकानात बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "शेठ, आकड्याला गाव असतं. त्याला एकटं कशाला पाठवता? गावाचं नाव सांगून पाठवा." आठ दिवसांत त्यानं पत्राचे कोरे कागद छापून आणले. रकमेच्या जागी आधीच छापलेलं, डावीकडे हाली, उजवीकडे कलदार. नको ते खोडायचं. बस, एवढंच. खामगाव, हैदराबाद, मुंबई, कुठंही पत्र गेलं तरी आकडा आपली ओळख सांगत जायचा. हाली बंद होईपर्यंत मोंढ्यातली सगळी दुकानं ते कागद वापरत होती, आणि रंगनाथ रस्त्यानं असा चालायचा की जणू रिझर्व्ह बँक त्याच्याच गल्लीत आहे.

हाली बंद झाला आणि ते काम संपलं. कचेऱ्यांचं छपाईचं काम औरंगाबादच्या एका मोठ्या छापखान्याकडे जाऊ लागलं. राहता राहिल्या मोंढ्यातल्या पट्ट्या आणि लग्नसराईतल्या पत्रिका. आणि सत्तावन्न सालच्या एप्रिलपासून नवे पैसे आले.

आज तीन वर्षांनी ते दिवस सांगितले तर लोकांना गंमत वाटेल. आम्ही जन्मभर आणे लिहिलेले. बारा रुपये चार आणे म्हणजे बारापुढे एक उभी रेघ. आठ आणे, दोन रेघा. एक आणा, एक आडवी रेघ. जे शाळेत शिकले ते बारा, मध्ये खूण, पुढे आण्यांचा आकडा असं लिहायचे. आता सरकार म्हणालं, रुपयाचे शंभर भाग करा आणि मध्ये टिंब द्या. आम्ही दिलं. बारा रुपये पाच आणे जसं लिहायचो तसंच बारा रुपये पाच नवे पैसे लिहिलं. बारा, टिंब, पाच. लिहिणाऱ्यानं पाच पैसे लिहिले. वाचणारा जरा शिकलेला असला तर तो वाचायचा साडेबारा. जुन्या वळणाचा असला तर बारा रुपये पाच आणे. आणि टिंब माशीनं केलेल्या डागासारखं दिसलं तर एकशे पंचवीस. तिघंही आपापल्या जागी खरे. मोंढ्यात रोज भांडणं. शेतकरी पट्टी घेऊन एका दुकानात विचारी, दुसऱ्या दुकानात विचारी आणि मग तिसऱ्यात जाऊन आमच्या नावानं बोटं मोडी.

दिवाळीला नवी पट्टी-पुस्तकं निघतात. त्या वर्षी मोंढ्याच्या कमिटीनं ठरवलं की सगळ्या आडत्यांनी एकाच नमुन्याची पट्टी वापरायची आणि ती एकाच छापखान्यातून घ्यायची. कमिटीत शब्द मोतीशेठचा. औरंगाबादच्या छापखान्याच्या मालकानं साध्या पट्टीचा स्वस्त भाव दिला, आणि जाता जाता रंगनाथकडे येऊन मशीनही बघून गेला. काम आपल्याला मिळालं की ह्याचा छापखाना बंद पडणार हे त्याला ठाऊक होतं. मशीनवर हात फिरवत म्हणाला, जुनं आहे, पण घेऊन टाकीन.

त्या संध्याकाळी रंगनाथ प्रथमच हळू आवाजात बोलला. "वामन्या, मोंढ्याचं काम गेलं की मशीन गेलं. मशीन गेलं की मी केदारखेड्याला, बैलामागं. भाऊ बोलावूनच राह्यलाय." आतून वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जा बैलामागं. मी खिळे जुळवायला शिकले ते काय गोठ्यात बसून जुळवू?" वहिनींनी तोपर्यंत छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचं काम इतकं हातात बसवलं होतं की रंगनाथ त्यांच्या जुळवणीला हातच लावत नसे. तो हसला आणि म्हणाला, "बराबर. न्हाई जाणार."

त्याची कल्पना साधी होती. रकमेच्या जागी रुपयांनंतर जाड उभी रेघ आणि पुढे पैशांसाठी दोन बारीक खण. टिंब द्यायचं कामच नाही. माणसाला रिकामा खण बघवत नाही, तो आपोआप शून्य भरेल, असं त्याचं म्हणणं. बाजाराच्या दिवशी कमिटी आमच्या ओट्यावर बसली तेव्हा हा नमुने घेऊन हजर. मोतीशेठ पट्टी उलटसुलट करून म्हणाले, "रंगनाथ, दोन डब्या छापायचे जास्तीचे पैशे? डब्या तर माझा नातू बी काढतो."

"नातवाला बोलवा शेठ, त्याला कामाला ठेवतो. पण आधी माझं एक ऐका. सगळ्यांनी कोऱ्या कागदावर लिहा, बारा रुपये पाच नवे पैसे. आणि तो कागद शेजारच्याला वाचायला द्या."

सगळ्यांनी लिहिलं. मोतीशेठनी लिहिलेला कागद माझ्याकडे आला. मी मोठ्यानं वाचलं, "साडेबारा."

"काय?" शेठ उठून उभे राहिले. "अहो वामनराव, इतकी वर्सं माझंच अक्षर वाचून राह्यलात ना तुम्ही!" ओटा हसून हसून दणाणला. कोणी पाच आणे वाचलं, कोणी एकशे पंचवीस. रंगनाथ कमरेवर हात ठेवून असा उभा होता की आता ढोल वाजायचे तेवढे बाकी. मग त्यानं ऐटीत आपला नमुना पुढे केला. "आता ह्याच्यावर लिहा."

शेठनी बारा लिहिले. जाड रेघेपुढे आले. पहिल्या खणात पाच लिहिले. दुसरा खण तसाच ठेवून पट्टी टेबलावर टाकली.

मग शेजारच्या आडत्यानं वाचलं, "पन्नास का पाच? डबी रिकामी हाय बाबा." पुन्हा हशा. त्या हशात मी होतो. माझ्याही तोंडून हसू फुटलं होतं, आणि ते रंगनाथनं बघितलं होतं... त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही. शेठ म्हणाले, "पुढच्या बाजारापर्यंत बघू. न्हाई तर औरंगाबादवाल्याला हो म्हणतो. खर्चा पण कमी." रंगनाथनं नमुने गोळा केले आणि निघाला. त्याची पाठ मी पहिल्यांदाच एवढी वाकलेली बघितली.

दोन-तीन दिवसांनी मी भीतभीतच छापखान्यात गेलो. त्याच्यापुढे खणांचे नमुने पसरले होते. एकात खणांवर "दहं" आणि "एकं" असं छापलेलं. "चालणार न्हाई," तो म्हणाला. "मोंढ्यात निम्म्या लोकांना आकडे येतात, अक्षर येत न्हाई. त्यांनी काय करायचं?" वहिनी बाजूला एका लग्नपत्रिकेची चौकट जुळवत होत्या. कडेनं फुलं लावायची होती, पाकळ्यापाकळ्यांची छोटी गोल फुलं. त्यांनी त्यातलं एक बोटात धरलं, शाईच्या पाट्यावर टेकवलं आणि ह्याच्या नमुन्यावर, पहिल्या खणाच्या डोक्यावर ठप्प करून उमटवलं.

"अगं, काय करू राह्यली?"

"नाणं बघा ना. दहा पैशाचं नाणं असंच हाय की, पाकळ्यांचं. आणि एक पैशाचं साधं गोल." त्यांनी मग दुसऱ्या खणावर एक भरीव टिंब उमटवलं. "वाचता न्हाई आलं तरी नाणं कुणाला ओळखू येत न्हाई?"

रंगनाथ त्या कागदाकडे बघत राहिला. मग खिशातली नाणी काढून त्यानं कागदावर मांडली. फुलाशेजारी पाकळ्यांचं दहा पैशांचं नाणं, टिंबाशेजारी एक पैशाचं तांबडं गोल नाणं. आणि मग त्याचा तो आवाज परत आला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "वामन्या, मोंढा आपला!" मी म्हणालो, "अजून कमिटी बसायची हाय." तर म्हणतो, "कमिटीला सांग, बसली तरी चालेल, उभी राह्यली तरी चालेल!" वहिनी म्हणाल्या, "माझ्या पत्रिकेचं एक फूल कमी पडलं, ते कोण देणार?" आणि हा वेडा माणूस त्या खिळ्याला खरोखर नमस्कार करून तो त्यांच्या हातात परत देत होता.

पुढच्या बाजाराला ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या वेळची गंमत ऐकून लोक मुद्दाम आले होते. औरंगाबादचा मालकही कमिटीसमोर बसला होता. आधी आडत्यांनी लिहिलं आणि वाचलं. फुलाखाली शून्य, टिंबाखाली पाच. सगळ्यांचं एकच. मोतीशेठ मात्र सहज मानणारे नव्हते. "हे तर आपण समजावून घेतलंय," ते म्हणाले. "न समजावलेला माणूस आणा." काट्याजवळ अंबडकडची एक बाई मूग विकायला घेऊन आली होती. शेठनी तिलाच बोलावलं.

"बाई, वाचता येतं का?"

"अक्षर न्हाई येत. आकडे येतात. न्हाई आले तर तुमच्याशी यवहार कसा करायचा?"

लोक हसले. शेठनी तिच्यापुढे पट्टी धरली. रंगनाथ माझ्याशेजारी उभा होता, त्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की शाईचा ठसा उमटला. बाईनं पट्टी जरा लांब धरली. "बारा रुपये. ह्या फुलाखाली पूज्य. टिंबाखाली पाच. म्हंजी पाच पैशे, ते चौकोनी नाणं येतं ना, तेवढे."

"आणि फुलाखाली पाच असते तर?"

"तर पाच फुलं. पन्नास." तिनं पट्टी शेठच्या हातात परत दिली. "मला येडी समजता का शेठ? असं लिहित जा की मंग. मागच्या येळेला काय लिहिलं ते आमच्या गावात कुणालाच कळलं न्हाई."

ओट्यावर जो गलका झाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. हमाल टाळ्या पिटत होते. मोतीशेठ पट्टीकडे बघत राहिले, मग हसले आणि म्हणाले, "ठीक हाय रंगनाथ. छाप. बिलकुल असंच छाप. पण फूल जरा मोठं टाक, मला चष्मा लागून राह्यलाय." रंगनाथनं तिथल्या तिथं शेठना उचललं. खरंच उचललं! शेठ "अरे सोड, सोड" म्हणत होते आणि त्यांची टोपी मुगाच्या ढिगात पडली होती. औरंगाबादच्या मालकाला रंगनाथ स्वतः छापखान्यात घेऊन गेला. त्याला चहा पाजला आणि मशीन चालू करून दाखवलं. "बघा, जुनं हाय, पण माझ्याकडंच बरं हाय." त्या गृहस्थांनी जाताना एक पट्टी खिशात घातली. काही महिन्यांनी त्यांच्या छापखान्यातूनही फुलाच्या पट्ट्या निघाल्या. मी रागावलो, तर रंगनाथ आनंदानं नाचला. "घेऊ दे की! आता औरंगाबादला बी भांडणं कमी होतील. फूल काय माझ्या बापाचं हाय? ते तर लग्नातलं हाय."

त्यानंतर मोंढ्याची बोलीच बदलली. पैसे कोणी म्हणेना. दुकानातून ओरडा ऐकू यायचा, "फुलात किती?" आणि पलीकडून उत्तर, "फुलात शून्य, टिंबात पाच!" भोकरदनची, अंबडची माणसं ते शब्द आपल्या गावी घेऊन गेली. रंगनाथ मुद्दाम सौद्यांच्या वेळी मोंढ्यातून चक्कर मारायचा, काही काम नसताना. ऐकायचा आणि पुढे जायचा. एवढी कमाई करून सुखी झालेला माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

तेराव्यानंतर मी छापखान्यात गेलो. मशीन बंद असेल अशी मनाची तयारी केली होती. ते चालू होतं. वहिनींनी भाच्याला मशीनचा पायटा मारायला बसवलं होतं आणि स्वतः कागद लावत होत्या. नव्या हंगामाच्या पट्ट्या निघत होत्या. मी एक उचलली. जाड रेघ होती, दोन खण होते, पण वर फूल नव्हतं, टिंब नव्हतं. "वहिनी, हे काय? फूल कुठं गेलं?"

"कमिटीनं विचारलं होतं, आता लोकांना समजतं, ठेवायचं का? त्यांनीच सांगितलं, काढा. जाण्याच्या आठ दिवस आधी." त्यांनी शाईचा हात पदराला न लावता मनगटानं कपाळ पुसलं. "मी म्हटलं, अवो, तुमचं एवढं फूल, राहू द्या ना. तर म्हणाले, शिकून झालं की बोट सोडायचं असतं. लई खूश होते त्या दिवशी, भावजी. मोंढा पास झाला म्हणाले."

परवा त्या नव्या पट्टीवर मी पहिली रक्कम लिहिली. एक तरुण शेतकरी कापसाची गाडी घेऊन आला होता. मी नेहमीप्रमाणे वाचून दाखवली आणि तोंडातून गेलं, "फुलात चार, टिंबात शून्य." मग लक्षात आलं की कागदावर फूल कुठंच नाही, आणि मी पट्टी तशीच त्याच्यापुढे केली. त्यानं पट्टीवर नजर टाकली, त्या दोन खणांवर बोट ठेवून माझेच शब्द हळूच म्हटले, मान डोलावली आणि पट्टी घडी करून टोपीत ठेवली. "बराबर हाय मुनीमजी," म्हणाला, आणि बैलांना हाक मारून निघून गेला.